कॉम्प्युटर तापतोय म्हणून लगेच नवा कूलर घेऊ नका, आधीचा नीट बसलाय का ते बघा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात घरचा कॉम्प्युटर कसा सांभाळावा यावर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, तो मी वाचला होता आणि सोडूनही दिला असता, पण मग दुकानात येणारं जो तो गिऱ्हाईक मोबाईलवर त्याच लेखाचा फोटो दाखवायला लागलं, म्हणून लिहायला बसले. लेखात म्हटलंय प्रोसेसर (कॉम्प्युटरचा मेंदू, म्हणजे सगळे हिशेब करणारी चिप) तापत असेल तर खोलीत एसी लावा, कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावा, दर सहा महिन्यांनी प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट बदला, आणि तरी फरक नाही पडला तर लिक्विड (पाणी खेळवून गार करणारा) कूलर घ्या. यातलं अगदीच चुकीचं असं काही नाही पण क्रम पार उलटा आहे, आणि जी गोष्ट सगळ्यात आधी बघायची ती लेखात कुठेच नाही, ती म्हणजे मशीनमध्ये जो हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, त्यावर फॅन लावला की झाला कूलर) ऑलरेडी आहे तो प्रोसेसरवर चारही बाजूंनी टेकलाय का.

मी अकोल्यात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करते. घरी पार्ट आणून जोडलेले किंवा दुकानातून असेंबल करून आणलेले डेस्कटॉप माझ्याकडे जास्त येतात, आणि "गरम होऊन बंद पडतो" ही तक्रार मार्चपासून सुरू होते ती पाऊस पडेपर्यंत. यातल्या बऱ्याच मशीनमध्ये कूलर कमी पडत नसतो, तो नीट बसलेला नसतो. हे मी छातीठोकपणे सांगते कारण त्याच कूलरला काढून, पुसून, परत बसवून ती मशीन घरी गेलीत आणि एक रुपयाचा नवा पार्ट लागलेला नाही (पेस्ट सोडून).

आता टेकणं इतकं महत्त्वाचं का, तर जरा हिशेब बघा. इंटेलचा आय५-१२४००एफ हा मधल्या बजेटमधला भरपूर खपलेला प्रोसेसर, त्याच्यावर कंपनीच लिहिते ६५ वॉट, पण पूर्ण जोर लावला तर ११७ वॉटपर्यंत जायची मुभा त्याला आहे. वरून जो चकचकीत धातूचा चौकोन दिसतो ते नुसतं झाकण, आतली खरी चिप दीड-पावणेदोन चौरस सेंटीमीटरची. घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ दीड-दोनशे चौरस सेंटीमीटरचा असतो, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरला पाच-सहा वॉट, आणि इथे त्याच जागेतून साठ-सत्तर वॉट बाहेर काढायचेत. इस्त्रीच्या दहापट. अशा ठिकाणी मध्ये कागदाएवढी जरी हवेची फट राहिली तरी खेळ संपला, कारण हवा उष्णता जवळपास वाहूनच नेत नाही. आकड्यात सांगायचं तर तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या घरात, अॅल्युमिनियमची २३५ च्या आसपास, साध्या बऱ्या पेस्टची चार ते आठ, आणि हवेची ०.०२५. पेस्ट धातूपुढे काहीच नाही, पण हवेपेक्षा शेकडो पट चांगली, म्हणून ती फक्त फटी बुजवायला लावायची असते, जाड थर द्यायला नाही.

तुम्ही म्हणाल इतकं जर महत्त्वाचं असेल तर चुकीचा बसवलेला कूलर पहिल्याच दिवशी का नाही कळत. इथेच गोची आहे. आताचे प्रोसेसर जळत नाहीत. १२४०० ला १०० डिग्रीची मर्यादा आहे, तिथे पोचला की तो आपणच स्पीड कमी करतो, वीज कमी खातो आणि रडत-खडत चालत राहतो, त्याहूनही वर गेला तरच पूर्ण बंद होतो. जुन्या काळी असं नव्हतं, २००१ मध्ये एका परदेशी वेबसाइटने चालू मशीनवरून हीटसिंक उचलून दाखवला होता, त्यात एएमडी कंपनीचा अॅथलॉन प्रोसेसर काही सेकंदात धूर सोडून मेला आणि इंटेलचा पेंटियम ४ नुसता हळू झाला. तेव्हापासून सगळ्यांनीच हे संरक्षण प्रोसेसरच्या आत टाकलं, चांगलं झालं, पण त्यामुळे वाईट फिटिंग लपून राहायला लागलं. मशीन वर्षभर चालते, व्हॉट्सअॅप वेब, एक्सेल, यूट्यूब सगळं ठीक, आणि मग एप्रिलमध्ये पोरगं व्हिडिओ एडिटिंगला बसलं की रडायला लागते आणि सगळा दोष उन्हाळ्यावर जातो.

आता घरच्या घरी कसं ओळखायचं ते लिहिते, याला पैसे लागत नाहीत.

पहिलं म्हणजे टेंपरेचर दाखवणारं एखादं फुकट प्रोग्राम टाका, कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यू-इन्फो, आणि सिनेबेंच या टेस्ट प्रोग्रामसारखं काहीतरी जड काम लावून आकड्याकडे बघत बसा. किती चढतो यापेक्षा किती वेळात चढतो ते बघा. काम सुरू केल्या केल्या, एक-दोन सेकंदात आकडा ४५ वरून ९५-१०० ला उडी मारत असेल, आणि काम थांबवलं की तितक्याच झटक्यात खाली येत असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे टेकण्यात भानगड. तेच जर आधी ६५-७० ला जाऊन थांबला आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू सरकत ८५-९० ला गेला, तर हीटसिंक आपलं काम करतोय, कॅबिनेटमधली हवा तापलीय आणि तिला बाहेर जायला वाट नाही. याची खात्री करायची तर बाजूचं झाकण काढून तेच काम परत लावा, आठ-दहा डिग्री उतरली तर दोष हवेच्या वाटेचा, काहीच फरक नाही पडला तर परत फिटिंगकडे या.

दुसरी परीक्षा बोटाची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. स्क्रीनवर ९८ दिसत असताना हीटसिंकच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांना कडेने बोट लावून बघा (फॅनपासून बोट लांब ठेवा, आणि आधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवा). प्रोसेसर ९८ आणि हीटसिंक गार, किंवा जेमतेम कोमट, तर दोघांची गाठभेटच झालेली नाहीये. हीटसिंक चांगला कडक तापलेला असेल तर गाठभेट ठीक आहे, मग फॅन फिरतोय का, धूळ किती, हवा कुठून येते कुठून जाते हे बघा. एवढं एक जरी लोकांनी केलं तरी अर्ध्या लोकांचे पैसे वाचतील.

मध्यंतरी एक काका मुलाचा कॉम्प्युटर घेऊन आले. बी.ई.चा मुलगा, १२४००एफ, प्रोसेसरबरोबर कंपनीच्या डब्यातच मिळालेला गोल कूलर. "ताई, तो दुकानवाला म्हंते लिक्विड कूलर घ्या लागते, सहा हजाराचा," असं म्हणून त्यांनी कोटेशनच पुढे केलं. मशीन लावलं, बोट लावलं, हीटसिंक एकदम गार. मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर बसतात ती पाटी) बाहेर काढून उलटा केला तर कूलरच्या चार पिनांपैकी तीनच आरपार आलेल्या, चौथीचा पांढरा पाय भोकाच्या कडेला अडकून मुडपलेला, आणि त्यामुळे कूलर एका कोपऱ्यातून उचललेला. पेस्टवर ठसासुद्धा अर्ध्याच भागात उमटला होता, उरलेल्या अर्ध्यात कंपनीने लावलेले राखाडी पट्टे जसेच्या तसे, हात न लागल्यासारखे. ज्याने जोडलं त्याने वरून चारही डोकी दाबलेली दिसली म्हणून बसलं असं समजून झाकण लावून टाकलं असणार. पाय सरळ करून, पेस्ट नवी लावून, परत बसवला, आणि त्याच सिनेबेंचला आकडा ७८ च्या वर गेला नाही.

इंटेलच्या या पिना नीट समजून घेतल्या पाहिजेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रत्येक कोपऱ्याला दोन तुकडे असतात. बाहेरचा पांढरा, ज्याला खाली चिरलेले दोन पाय आहेत, आणि त्याच्या पोटात शिरणारी काळी पिन, जिचं डोकं वरून दिसतं आणि ज्याच्यावर एक वळलेला बाण कोरलेला असतो. आधी पांढरे पाय मदरबोर्डच्या भोकातून पूर्ण खाली गेले पाहिजेत, मग वरून काळं डोकं दाबलं की काळी पिन त्या दोन पायांच्या मध्ये घुसून त्यांना फाकवते आणि ते बोर्डाच्या मागून अडकतात. गडबड अशी होते की माणूस घाईत पांढरे पाय भोकात गेले की नाही हे न बघताच काळं डोकं दाबतो, मग पाय वरच फाकतात आणि भोकात जातच नाहीत, किंवा एक जातो आणि एक मुडपतो. बाणाचा अर्थही बऱ्याच जणांना उलटा लागतो, बाणाच्या दिशेने फिरवणं हे कूलर सोडवण्यासाठी आहे, बसवताना चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला शेवटपर्यंत फिरवून आणि वर ओढून घ्यायची, तरच दाबल्यावर लॉक होतात. दाबताना समोरासमोरचे कोपरे घ्यायचे, म्हणजे एक दाबला की त्याच्या तिरप्या समोरचा, मग उरलेले दोन. शेजारचे दोन आधी दाबले की दुसरी बाजू वर उचलते. आणि टक् असा आवाज आला म्हणून खूश व्हायचं नाही, बोर्ड उचलून मागून बघायचं, चारही ठिकाणी पांढरे पाय फाकलेले आणि मधोमध काळं टोक डोकावताना दिसलं पाहिजे. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते की बोर्ड कॅबिनेटमध्ये स्क्रू मारायच्या आधी टेबलावर खोक्यावर ठेवून कूलर बसवा, आत बसवल्यावर मागचं काही दिसत नाही आणि दाबताना बोर्ड वाकतो तो वेगळाच.

यात अजून एक आपल्याकडचा प्रकार आहे, जुना कूलर वाचवायचा. ११५१ किंवा १२०० सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) चांगला कूलर पडून आहे, मग नव्या बोर्डाला तोच लावू. इंटेलने १२व्या पिढीपासून एलजीए १७०० सॉकेट आणलं तेव्हा कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरचं ७८ झालं आणि प्रोसेसरची उंचीही थोडी कमी झाली. तीन मिलिमीटर म्हणजे डोळ्याला कळत पण नाही, पिना ताणून-ताणून घुसवतात लोक, त्या तिरक्या बसतात आणि दाब येत नाही. काही चांगल्या कंपन्यांच्या कूलरला १७०० चं वेगळं किट मिळतं, ते आणा, नाहीतर नाद सोडा.

एएमडीवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. रायझन ५ ५६०० सोबत जो छोटा कूलर येतो त्याला पिना नसतात, चार स्प्रिंगवाले स्क्रू असतात, आणि ते लावायला बोर्डावरचे दोन काळे प्लास्टिकचे ब्रॅकेट आधी काढावे लागतात. ते काढले की बोर्डाच्या मागची धातूची पट्टी सुटून खाली पडते, लोक घाबरतात काय तुटलं म्हणून. काही तुटलेलं नसतं, एका हाताने मागून ती पट्टी धरायची आणि दुसऱ्या हाताने स्क्रू लावायचे, एकेक स्क्रू दोन-तीन आटे, मग त्याच्या तिरप्या समोरचा, असं फिरत-फिरत चारही जण आपोआप थांबेपर्यंत. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला की झालं, कूलर तिरका. एएमडीच्या नवीन एएम५ सॉकेटच्या बोर्डात ती पट्टी सॉकेटलाच जोडलेली असते त्यामुळे ही कसरत वाचली.

आणि कूलर काढताना तर जुन्या एएम४ सॉकेटमध्ये फारच सांभाळा. पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, सरळ वर ओढलं की लॉक असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, आणि त्याच्या खाली शेकडो बारीक पिना, त्या वाकल्या की मग सुई घेऊन सरळ करत बसा. आधी मशीनवर जरा वेळ जड काम लावायचं म्हणजे पेस्ट मऊ होते, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूहळू डावीकडे-उजवीकडे पिळायचा, हलायला लागला की उचलायचा.

पेस्टबद्दल लोकांमध्ये जेवढे वाद आहेत तेवढी ती गोष्ट अवघड नाही. मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी ठेवा, कूलर दाबला की ती आपोआप पसरते, १७०० चा प्रोसेसर लांबट आहे तर एक छोटी रेघ ओढा. थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते, साधी पेस्ट वीजवाहक नसते त्यामुळे त्याने फार काही बिघडत नाही, कमी पडली तर मात्र कोपरे उघडे राहतात. कूलर एकदा बसवून उचलला की तीच पेस्ट चालणार नाही, मध्ये हवा अडकते, दोन्हीकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. दर सहा महिन्यांनी बदलायचं लेखात लिहिलंय त्याची काही गरज नाही, आकडा चढलेला नसेल तर चांगली पेस्ट कित्येक वर्षं हात लावू नका. टूथपेस्ट लावू नका, ती पहिल्या दिवशी चालते आणि मग वाळून भुगा होतो. आणि ते लिक्विड मेटल नावाचं महागडं प्रकरण तर नकोच नको, त्यात गॅलियम असतं, ते अॅल्युमिनियमला खाऊन टाकतं आणि डब्यातल्या कूलरचा बराचसा भाग अॅल्युमिनियमचाच असतो, शिवाय ते वीजवाहक आहे, एक थेंब बोर्डावर सांडला तर प्रोसेसरचं सोडा, बोर्डच गेला.

वेगळा विकत आणलेल्या कूलरच्या तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते. ती काढायची असते. हसू नका, फिल्मसकट बसवलेले कूलर आजही माझ्याकडे येतात, आणि त्यातले काही दुकानातून आलेले असतात.

फॅनच्या वायरीचंही बघा. बोर्डावर सीपीयू फॅन असं लिहिलेली चार पिनांची जागा असते, तिथेच लावायची. दुसऱ्या जागी लावली तर फॅन फिरतो, पण तो प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे फिरेलच असं नाही, प्रोसेसर उकळत असतो आणि फॅन आपला निवांत. सुरू होताना सीपीयू फॅन एरर असा मेसेज येतो आणि लोक एफ१ दाबून पुढे जातात, रोज एफ१ दाबतात, महिनोन्महिने. अहो ते मशीन तुम्हाला ओरडून सांगतंय.

आता आमच्या भागाचा मुद्दा. अकोला, चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात बाहेर ४५ असते आणि स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ४० च्या वर सहज. फॅनवर चालणारा कुठलाही कूलर, साधा असो की लिक्विडचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही, तो फक्त मधला फरक कमी करतो. खोलीत ३० असताना ज्या कामाला ७५ दिसतात त्याच कामाला ४२ च्या खोलीत साधारण ८७ दिसणार, हे गणितच आहे, मशीन बिघडलेलं नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाने यूट्यूबवर दाखवलेला आकडा बघून इकडच्या पोरांनी घाबरून जाऊ नये. पण फिटिंग वाईट असेल तर जानेवारीत कसंबसं निभावतं ते मे महिन्यात निभावत नाही, एवढाच उन्हाळ्याचा संबंध.

कॅबिनेटचं झाकण काढून समोर डेझर्ट कूलर लावणारे पण आहेत इकडे. खोलीत कूलर लावा, काही हरकत नाही, खोली गार झाली तर मशीनही गार. पण उघड्या मशीनच्या तोंडावर लावलात तर हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, त्यात आपलं बोअरचं जड पाणी, बोर्डावर पांढरे डाग धरतात आणि धूळ चिखलासारखी चिकटते. माझ्या हातात असे बोर्ड आलेत, धुवून पण वाचत नाहीत. टेबलफॅनने तेवढं नुकसान नाही, पण तो काही उपाय नाही, तो तात्पुरता इलाज. त्यापेक्षा कॉम्प्युटर टेबलाच्या ज्या बंद कप्प्यात मशीन कोंबलेलं असतं त्यातून ते बाहेर काढा, तिन्ही बाजूंनी लाकूड आणि मागे भिंत, हवा जाणार कुठे. पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर हा साधा नियम, फॅनच्या ज्या बाजूला आडव्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. तीन फॅन रंगीत लाइटवाले आणि तिन्ही हवा बाहेर फेकणारे, पुढे अख्खी काच, असे कॅबिनेट दिसायला भारी पण आत भट्टी. आणि आमच्याकडे जिनिंगच्या भागात तर रुईचा फुफाटा हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा बसतो, तो ब्रशने काढा, ब्लोअर मारणार असाल तर फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन वेड्यासारखा फिरून बेअरिंगची वाट लागते.

उलट्या बाजूनेही थोडं लिहिते, कारण उगाच घाबरणारेही बरेच आहेत. रायझन ७००० चे काही प्रोसेसर, जसा ७६००एक्स, पूर्ण लोडवर ९५ ला जाऊन तिथेच राहावेत असेच बनवलेत, एएमडीनेच तसं सांगितलंय, तिथे ९५ दिसले म्हणून कूलर खोलायची गरज नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा सेटिंगचा स्क्रीन) दिसणारा आकडा विंडोजमधल्यापेक्षा जास्त असतो कारण तिथे वीज वाचवण्याची सोय पूर्ण चालू नसते. आणि काही प्रोग्राममध्ये ऑक्सटिन नावाच्या ओळीत ११५ किंवा १२७ डिग्री दिसतं, ते बघून एका मुलाने रात्री अकराला फोन केला होता, तो सेन्सर बोर्डाला जोडलेलाच नसतो बहुतेक वेळा, आकडा निव्वळ थाप आहे, झोपा.

आणि खरोखर मोठा कूलर लागतो अशीही मशीन आहेत, नाही असं मी म्हणत नाही. आय७-१२७०० ला १८० वॉटपर्यंत मुभा आहे, १३९००के ला २५३, त्यावर तासन् तास रेंडरिंग करायचं तर साध्या छोट्या कूलरकडून अपेक्षा ठेवू नका. पण तिथेही आधी बायोसमध्ये जाऊन पॉवर लिमिट बघा, काही बोर्ड ती मर्यादा परस्पर काढून टाकतात, ती परत लावली तर तापमान बरंच उतरतं आणि कामात तितका फरक जाणवत नाही. त्यानंतर चार हीटपाइपचा (उष्णता वर पात्यांकडे नेणाऱ्या नळ्या) साधा उभा टॉवर कूलर बऱ्याच जणांना पुरतो. लिक्विड कूलरमध्ये पंप आला, नळ्या आल्या, काही वर्षांनी आतलं पाणी हळूहळू उडत जातं, पंप गेला की काही मिनिटांत मशीन बंद. आणि बसवताना पंप सगळ्यात उंचावर आला तर हवेचे बुडबुडे त्याच्यातच साचतात, रेडिएटरचा (नळ्यांतलं पाणी गार करणारी जाळी) वरचा भाग पंपाच्या वर हवा. तर ज्याला चार पिना नीट दाबता आल्या नाहीत त्याच्याच हातून सहा हजाराचा लिक्विड कूलर बसवून घ्यायचा, हे मला काही पटत नाही.

माझं मागणं दुकानदारांकडे आहे आणि ते तुमच्या पेपरातून गेलं तर कोणीतरी ऐकेल असं वाटतं. असेंब्ली चार्ज म्हणून तुम्ही पाचशे-हजार घेता, घ्या, मेहनत आहे, मी पण घेते. पण मशीन गिऱ्हाइकाला देताना अर्धा तास पूर्ण लोडवर चालवून दाखवा, आणि बिलावर तीन आकडे लिहा, खोलीचं तापमान, रिकामं असताना प्रोसेसरचं तापमान आणि लोडवरचं तापमान. बस्स. त्याला वेगळं यंत्र लागत नाही, खर्च नाही, फुकटचा प्रोग्राम आहे. फिटिंगमध्ये खोट असेल तर ती तिथेच दुकानात दिसेल, आणि पुढच्या वर्षी आकडा चढला तर धूळ आहे, पेस्ट आहे की उन्हाळा हे ओळखायला गिऱ्हाइकाकडे काहीतरी आधार राहील. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काय, पुण्याच्या तापकीर गल्लीत काय किंवा आमच्याकडे काय, मशीन सुरू झालं, विंडोज दिसलं, लाइट लागले की झाली टेस्टिंग, डबा बांधा. गिऱ्हाइकांनीही लाइटचे रंग बदलून दाखवा म्हणण्याऐवजी लोड लावून दाखवा म्हणावं, आणि "वेळ नाही" असं उत्तर आलं तर पैसे द्यायच्या आधी आलेलं बरं. नंतर भांडत बसायचं तर कंपनीची वॉरंटी प्रोसेसरची असते, बसवणाऱ्याच्या हाताची नसते.

लेख लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी निदान विषय तरी काढला. पण पुढच्या वेळी कुणा रोज हातात स्क्रूड्रायव्हर धरणाऱ्याला विचारून छापा. पत्र फार लांबलंय हे मला कळतंय, जागेप्रमाणे खुशाल काटा, एएमडीचं काटा, लिक्विड मेटलचं काटा, फक्त त्या पिनांचा आणि बोट लावून बघायचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपली वाचक,
एक कॉम्प्युटर रिपेअरवाली, अकोला